रोपांची तपासणी आणि मागणीबरहुकूम घडविलेला डी.एन्.ए.

आमच्या सभासद बंधूंपैकीं पुष्कळांनीं अलीकडे केळीचे कंद लावण्याचें सोडून ऊतिसंवर्धित रोपें घेण्यास आरंभ केला आहे. रोपांबरोबर रोपवाटिकेकडून एक छापील कागद मिळतो. त्यावर 'विषाणु आढळला नाहीं' अशा अर्थाचे शब्द असतात, खालीं सही व शिक्का असतो, आणि शिक्का पाहिला कीं आपले शेतकरी बंधु निश्चिंत होतात. आम्हीं सारी उमर महसूल खात्यांत कारकुनी केली. शिक्क्यावर लोकांचा किती भरंवसा असतो आणि शिक्क्याखालीं किती चुका दडून राहूं शकतात, या दोन्ही गोष्टी आम्हांस ठाऊक आहेत. म्हणून हा कागद कसा तयार होतो, त्याच्या मुळाशीं कोणती वस्तु असते, ती कशी घडवितात, आणि तिच्यांत चूक झाली तर शेतकऱ्यावर काय प्रसंग येतो, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. आमचें शिक्षण मराठी शाळेपलीकडे गेलेलें नाहीं. आमचा एक भाचा संशोधनशाळेंत कामास आहे. जें समजलें तें त्याच्यामुळें, आणि मांडण्यांत कांहीं उणें राहिलें असेल तर तें आमचें.

एक नक्कल

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगतों. नोकरीच्या आरंभीच्या काळांत उताऱ्याच्या नकला आम्ही हातानें लिहीत असूं. एका खातेदारानें पीककर्जासाठीं नक्कल मागितली. त्याचा गट क्रमांक ११७. आमच्या हातून लिहिला गेला १७१. नक्कल स्वच्छ होती, अक्षर वळणदार होतें, 'खरी नक्कल' असा शेरा होता, वर शिक्काही होता. कर्ज देणाऱ्यांनीं गट १७१ काढून पाहिला, तो दुसऱ्याच्या नांवावर निघाला. चूक ध्यानांत येऊन नवी नक्कल हातीं पडेपर्यंत पेरणीची वेळ टळली, आणि त्या गृहस्थानें तें वर्ष सावकाराच्या पैशावर काढलें. आंकडे तेच होते, एकही कमी नाहीं कीं जास्त नाहीं. फक्त दोघांनीं जागा बदलल्या होत्या. त्या गृहस्थानें आम्हांस कधीं उणा शब्द बोलला नाहीं. पण पुढें तीस वर्षें कोणतीही नक्कल दोनदां ताडून पाहिल्यावांचून आमच्या टेबलावरून गेली नाहीं. ही गोष्ट आज सांगण्याचें कारण पुढें येईल.

चार अक्षरांचें दप्तर

प्रत्येक सजीवाच्या पेशींत डी.एन्.ए. या नांवाच्या द्रव्याचे अतिशय लांब व सूक्ष्म धागे असतात. त्या सजीवानें कसें वाढावें, कसें फळावें, याचा लेख त्या धाग्यांत असतो. हा लेख चारच अक्षरांत लिहिलेला आहे. शास्त्रज्ञ त्यांस ए, टी, जी व सी असें म्हणतात. हीं अक्षरें म्हणजे चार निरनिराळीं रासायनिक द्रव्यें होत, माळेंतील मण्यांप्रमाणें एकापुढें एक ओवलेलीं. बहुधा असे दोन धागे एकमेकांस बिलगून असतात. एका धाग्यांत जेथें ए असेल तेथें समोरच्या धाग्यांत टी, आणि जेथें जी असेल तेथें सी. शिवाय दोन्ही धाग्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. एक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाचावयाचा, तर त्याच्या समोरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे. ही दिशेची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें सर्व प्रकरण तिच्यावरच येऊन ठेपणार आहे.

केळीच्या एका रानटी जातीचा असा सर्व लेख शास्त्रज्ञांनीं वाचून २०१२ सालीं प्रसिद्ध केला. तो सुमारें ५२ कोटी अक्षरांचा आहे. केळीवर पर्णगुच्छ रोग आणणाऱ्या विषाणूचा लेख त्यापुढें अगदींच लहान. तो सहा लहान कड्यांत विभागलेला असून प्रत्येक कडें सुमारें हजार-अकराशें अक्षरांचें असतें. रोगी रोपांत हीं चिमुकलीं कडीं केळीच्या अवाढव्य दप्तरांत मिसळून जातात. तीं शोधावीं कशीं?

दप्तरखान्यांत आम्ही गट क्रमांकावरून पान काढीत असूं. येथें त्याच कामासाठीं वीस-बावीस अक्षरांचा एक लहान तुकडा घेतात. तो विषाणूच्या लेखांतील ठराविक ओळीशीं तंतोतंत जुळेल असा निवडलेला असतो. चार अक्षरांपासून वीस अक्षरी ओळी किती होतील याचा हिशेब आम्हीं मांडून पाहिला. उत्तर एक लाख नऊ हजार कोटींच्या वर येतें. तेव्हां नीट निवडलेली वीस अक्षरी ओळ केळीच्या ५२ कोटी अक्षरांत योगायोगानें सांपडण्याचा संभव फार थोडा.

असे दोन तुकडे लागतात. शोधावयाच्या मजकुराच्या एका टोंकाचा एक व दुसऱ्या टोंकाचा एक. यांस प्रायमर म्हणतात. पानांतून काढलेला डी.एन्.ए., हे दोन प्रायमर, सुटीं अक्षरें आणि नवा धागा विणणारें एक विकर, हें सर्व एका लहान नळींत घालून ती यंत्रांत ठेवितात. यंत्र ती ९५ अंशांच्या आसपास तापवितें, तेव्हां बिलगलेले धागे सुटे होतात. निवविलें कीं प्रायमर आपापल्या जागीं चिकटतात, आणि विकर तेथून पुढें नवा धागा विणूं लागतें. एका फेरींत एकाचे दोन होतात, दुसरींत दोहोंचे चार. तीस फेऱ्यांच्या अखेरीस, निदान कागदावरच्या हिशेबानें, एकाचे १०७ कोटींवर होतात. मग त्या द्रव्याची चकाकती पट्टी डोळ्यांस दाखवितां येते. नमुन्यांत विषाणु नसेल तर प्रायमरास चिकटण्यास जागाच मिळत नाहीं आणि पट्टी उमटत नाहीं. या रीतीस पी.सी.आर. म्हणतात. २०२० सालीं करोनाच्या साथींत नाकांतील नमुना घेऊन जी तपासणी होत असे, ती याच जातीची. कॅरी मलिस या अमेरिकन रसायनज्ञांनीं ही युक्ति १९८३ सालीं काढिली, आणि १९९३ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस विभागून मिळालें. मौजेची गोष्ट ही कीं, मलिस ज्या कंपनींत नोकरीस होते तेथें त्यांचें नेमलेलें काम असे लहान डी.एन्.ए. तुकडे घडवून देण्याचेंच होतें.

पटवाऱ्याचा मुलगा

हे तुकडे शेतांत पिकत नाहींत, व विषाणूंतून कापूनही काढीत नाहींत. रसायनशाळेंत एकेक अक्षर जोडून ते घडवावे लागतात. त्यांचें शास्त्रीय नांव ऑलिगोन्यूक्लिओटाइड. व्यवहारांत नुसतें ऑलिगो म्हणतात.

या विद्येच्या आद्य पुरुषांत डॉ. हरगोविंद खोराना यांचें नांव येतें, आणि तें सांगतांना आम्हांस विशेष समाधान वाटतें. त्यांचा जन्म पंजाबांतील रायपूर नांवाच्या खेड्यांत झाला. तें गांव आतां पाकिस्तानांत आहे. जन्मसाल १९२२ असें नोंदलेलें आहे. त्यांचे वडील पटवारी होते, म्हणजे आपल्याकडील तलाठी. सुमारें शंभर वस्तीच्या त्या गांवांत लिहितां-वाचतां येणारें कुटुंब जवळजवळ त्यांचें एकटेंच होतें, आणि गरिबी असतांही वडिलांनीं मुलांच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाहीं. मुलगा लाहोरास शिकला, सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडांत लिव्हरपूल येथें गेला व १९४८ सालीं डॉक्टर झाला. पुढें कॅनडांत व्हँकूव्हर येथें आणि १९६० पासून अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें खोराना यांनीं ठराविक अक्षरांचे तुकडे रसायनांनीं घडविण्याच्या रीति बसविल्या. सजीवाच्या लेखांतील कोणतीं तीन अक्षरें प्रथिनाच्या कोणत्या घटकाची खूण आहेत, हें कोडें उलगडण्यास असेच घडविलेले तुकडे उपयोगी पडले, आणि १९६८ सालीं मार्शल निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांजबरोबर त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. यीस्टमधील एका जनुकाची ७७ जोड्यांची संपूर्ण प्रतिकृति घडविल्याचें त्यांच्या मंडळीनें १९७० सालीं प्रसिद्ध केलें. त्या कामास अनेक माणसें व कैक वर्षें लागलीं होतीं.

खोराना यांच्या हाताखालीं काम केलेल्यांपैकीं मार्विन कारुथर्स हे एक. त्यांचे पहिले गुरु रॉबर्ट लेट्सिंगर यांनीं घन कणांवर धागा वाढविण्याची युक्ति काढिली होती. कारुथर्स यांनीं कोलोरॅडो विद्यापीठांत १९८१ च्या सुमारास अक्षरें जोडण्याची जी नवी रीति बसविली, तिला फॉस्फोरअमिडाइट पद्धति म्हणतात. या दोहोंच्या मेळामुळें तें काम यंत्राकडे देतां आलें. पूर्वी ज्याला महिने लागत, तें आतां कांहीं तासांत होतें. आज संशोधनशाळांस पुरविले जाणारे बहुतेक ऑलिगो याच पद्धतीनें घडतात.

तुकडा घडतो कसा

कांचेच्या सच्छिद्र कणांवर पहिलें अक्षर आधींच चिकटविलेलें असतें. त्याच्या मोकळ्या टोंकावर एक रासायनिक टोपण असतें, म्हणजे नको त्या वेळीं दुसरें कांहीं त्यास जोडलें जाऊं नये. पहिली पायरी, अम्लानें तें टोपण काढणें. निघालेलें टोपण अम्लांत नारिंगी रंग देतें. रंग किती गडद आला यावरून मागची जोडणी किती साधली याचा अंदाज येतो. दुसरी पायरी, पुढचें अक्षर आणून जोडणें. या वेळीं ओल मुळींच चालत नाहीं. ढगाळ दिवशीं तूर वाळवितांना आपण जितके जपतों, त्याच्या शतपट तेथें जपावें लागतें. तिसरी पायरी, ज्या धाग्यांस तें अक्षर लागलें नाहीं त्यांचीं तोंडें कायमचीं बंद करणें, म्हणजे मधलें अक्षर गाळून ते पुढें वाढूं नयेत. चौथी पायरी, आयोडीन व पाणी यांच्या साह्यानें नवा सांधा पक्का करणें. मग पुन्हां पहिली. जितकीं अक्षरें तितक्या फेऱ्या. अखेरीस अमोनियानें तुकडा कांचेवरून सोडवितात व उरलेलीं टोपणें काढितात.

येथें कारकुनी हिशेब उपयोगी पडतो. समजा, प्रत्येक जोडणी शंभरांत ९९ वेळां साधते. वीस अक्षरी तुकड्यास १९ सांधे. तेव्हां शंभर धाग्यांपैकीं शेवटपर्यंत अचूक वाढलेले सुमारें ८३ निघतील. तीच जोडणी ९८ वेळां साधली तर ६८ च. वाटतें, एकाचाच फरक. पण शंभर अक्षरी तुकडा घ्या; पहिल्या हिशेबानें ३७ पुरे निघतात आणि दुसऱ्या हिशेबानें तेरा-चौदा. म्हणूनच लांब तुकडा महाग व कठीण, आणि म्हणूनच अर्धवट धागे वेगळे काढण्यासाठीं शुद्धीकरण करावें लागतें. साध्या तपासणीच्या लहान प्रायमरांस क्षार धुऊन काढले तरी बहुधा पुरतें. नाजूक कामास अधिक कसोशीचें शुद्धीकरण घेतात. शेवटीं तुकड्याचें आण्विक वजन मोजून तें हिशेबाप्रमाणें आहे कीं नाहीं हें ताडतात, तुकडा सुकवितात, आणि नळीवर चिठ्ठी लावून पाठवितात. नळींत पाहिलें तर बहुधा कांहींच दिसत नाहीं. फार तर तळाशीं एक फिकट डाग.

मागणीपत्रक

असे तुकडे दुसऱ्याच्या मागणीबरहुकूम घडवून देणें हा आतां जगभर एक स्वतंत्र धंदा झाला आहे. आपल्या देशांत हैदराबाद व बंगळूर येथेंही तो चालतो. संशोधनशाळेनें स्वतःचें यंत्र न ठेवितां मागणीपत्रक भरावयाचें. त्यांत तुकड्याचीं अक्षरें क्रमानें लिहावयाचीं, किती प्रमाणांत घडवावयाचा, शुद्धीकरण कोणतें, आणि खुणेसाठीं एखादें रंगद्रव्य जोडावयाचें असल्यास तें कोणत्या टोंकास, हें सांगावयाचें. आकार बहुधा अक्षरावर असतो.

प्रमाणाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. लहान मागणी बहुधा २५ नॅनोमोलची असते. वीस अक्षरी तुकड्याचें तेवढें द्रव्य म्हणजे एका मिलिग्रॅमचा सुमारें सातवा हिस्सा. एका तपासणीस १० पिकोमोल लागले असें धरलें, तर २५ नॅनोमोलांत अडीच हजार तपासण्या होतात. मात्र येथें एक मेख आहे. पुष्कळ ठिकाणीं हा २५ चा आंकडा घडविण्यास आरंभ केला तेव्हांच्या मालाचा असतो. हातीं पडणारा माल त्याहून कमी भरतो. पेरलेलें बी आणि खळ्यावरचें धान्य यांत जसा फरक, तसाच हा. म्हणून जाणते लोक नळीवरील चिठ्ठींतला प्रत्यक्ष उताराच पाहतात.

पण याहूनही मोठी गोष्ट अशी कीं, घडविणारा मागणीपत्रकांतील अक्षरें जशींच्या तशीं घडवितो. तीं कशासाठीं हवीं आहेत, बरोबर आहेत कीं चूक, हें त्यानें कसें ओळखावें? आमच्याकडे नक्कल मागणाऱ्यानें चुकीचा गट लिहून दिला तर त्या चुकीच्या गटाची बिनचूक नक्कल त्यास मिळत असे. येथेंही तोच न्याय.

कोरा कागद

आतां मूळ हकीकतीकडे वळतों. आमच्या धाकट्या बंधूंनीं दोन एकरांसाठीं साडेतीन हजार रोपांची आगाऊ नोंदणी केली होती. रोपें पाहावयास आम्ही दोघे गेलों, तेव्हां कांहीं रोपांचीं पानें अरुंद व ताठ भासलीं. पानांच्या शिरांवर गडद हिरव्या तुटक रेघाही दिसल्या. रोपवाटिकेच्या मालकांस तो अन्नद्रव्याच्या कमतरतेचा दोष वाटला, आणि ते जाणूनबुजून कांहीं लपवीत होते असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांच्याच संमतीनें दहा रोपांचीं पानें आम्हीं भाच्याकडे पाठविलीं. आठ दिवसांनीं त्याचा फोन आला.

"मामा, दहाही कोरे आले. एकांतही पट्टी नाहीं."

"मग झालें तर," आम्ही म्हणालों, "रोपें उचलण्यास बंधूंस सांगतों."

"थांबा, मामा. अकरावाही कोरा आला आहे."

हा अकरावा कोण, असें आम्हीं विचारिलें. तो नमुना रोगी झाडाचा होता. त्यांत विषाणु आहे हें पूर्वींच सिद्ध झालेलें असून, तपासणी नीट चालली आहे कीं नाहीं हें कळण्यासाठींच तो प्रत्येक वेळीं बरोबर ठेवितात. तेथें पट्टी उमटावयासच हवी होती. ती उमटली नाहीं याचा अर्थ एवढाच कीं, तपासणी आंधळी झाली होती. आंधळ्या साक्षीदारानें 'मीं चोर पाहिला नाहीं' म्हटलें, तर घरांत चोर शिरला नव्हता असें कांहीं ठरत नाहीं.

शोध घेतां कारण सांपडलें. प्रायमरांची जुनी नळी संपली म्हणून त्या महिन्यांत नवी मागविली होती. दुसऱ्या टोंकाचा जो प्रायमर असतो, त्याचीं अक्षरें काढतांना दोन गोष्टी कराव्या लागतात. प्रत्येक अक्षरासमोरचें अक्षर लिहावयाचें, आणि मग सर्व ओळ उलट्या टोंकाकडून वाचून लिहावयाची. उदाहरणार्थ, मूळ ओळ 'ए टी जी सी सी ए' अशी असेल तर समोरचीं अक्षरें 'टी ए सी जी जी टी' होतात, आणि मागणीपत्रकांत तीं उलट क्रमानें 'टी जी जी सी ए टी' अशीं लिहिलीं पाहिजेत. नवख्या मदतनिसानें पहिली गोष्ट केली व दुसरी विसरला. कारखान्यानें त्याच्या मागणीप्रमाणें तुकडा निर्दोष घडविला, वजन ताडून पाहिलें, तेंही बरोबर निघालें. निघावयाचेंच, अक्षरें तींच, तितकींच, वजनही तेंच, फक्त क्रम उलटा. भाचा हें सांगत असतां आम्हांस आमचा गट १७१ आठवला, आणि कांहीं वेळ आमच्यानें बोलवेना.

दुरुस्त प्रायमर मागविण्यांत व तपासणी पुन्हां करण्यांत आणखी आठवडा गेला. या खेपेस रोगी नमुन्यांत पट्टी स्वच्छ उमटली. आमच्या दहांपैकीं दोहोंतही उमटली.

बंधूंनीं ती रोपें घेतलीं नाहींत. मालकांनीं आपल्या खर्चानें पुन्हां तपासणी करविली, आणि ती सर्व खेप नष्ट केली. त्यांचें मोठें नुकसान झालें, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. बंधूंची लागवड महिनाभर लांबली, घड उशिरा आले व भाव उतरलेला मिळाला. पण बाग उभी राहिली. पर्णगुच्छ झालेल्या झाडास बहुधा घडच येत नाहीं, त्यावर औषध नाहीं, आणि केळीवरील मावा तो रोग शेजारच्या झाडांवर नेतो. साडेतीन हजारांत शेंकडा वीस रोगी रोपें लाविलीं असतीं तर काय झालें असतें, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

चार साक्षीदार

पंचनामा एका साक्षीदारावर टिकत नाहीं. तपासणीचेंही तसेंच आहे. रोपें घेणाऱ्या शेतकऱ्यानें शास्त्र शिकण्याचें कारण नाहीं. पण पुढील चार साक्षीदार हजर होते काय, एवढें त्यानें विचारावें.

पहिला साक्षीदार, रोगी म्हणून ठाऊक असलेला नमुना. त्यांत पट्टी उमटली पाहिजे. न उमटल्यास बाकीचे सर्व कोरे कागद रद्द समजावे. दुसरा, निरोगी म्हणून ठाऊक असलेल्या केळीचा नमुना. त्यांत पट्टी उमटतां कामा नये. उमटली तर प्रायमर भलत्याच ओळीस चिकटत आहेत. तिसरा, नुसतें पाणी. त्यांत पट्टी आली तर द्रव्यांत कोठेंतरी भेसळ शिरली आहे. चौथा साक्षीदार केळीचा स्वतःचा एखादा जनुक. केळीच्या चिकांत व रसांत या रासायनिक क्रियेस अडथळा करणारीं द्रव्यें असतात, पानांतून डी.एन्.ए. नीट निघाला नसेल तर रोगी रोपही कोरेंच दिसेल. प्रत्येक नमुन्यांत केळीचा स्वतःचा जनुक दिसला, तरच विषाणूच्या जागीं दिसलेल्या कोरेपणास कांहीं अर्थ आहे.

याखेरीज कोणकोणत्या विषाणूंची तपासणी झाली तेंही पाहावें. एका विषाणूचे प्रायमर दुसऱ्यास चिकटत नाहींत; पर्णगुच्छाची तपासणी केलेल्या रोपांत काकडीवरील मोझॅकचा विषाणु असूं शकतो, आणि तोही केळीस बाधतो. कागदावरील खेप क्रमांक व आपल्या रोपांचा खेप क्रमांक एकच आहे काय, हेंही ताडून घ्यावें. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानें ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रमाणनाची राष्ट्रीय व्यवस्था २००६ सालीं सुरू केली असून, तिच्यांत मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडून तपासणी होऊन खेपेस प्रमाणपत्र मिळतें. शक्य तोंवर अशीच रोपें घ्यावीं. मात्र तपासणी ही त्या दिवसापुरती साक्ष होय. शेतांत लाविल्यावर मावा बाहेरून रोग आणूं शकतो. तेव्हां बागेंत फेरी घालणें व रोगी झाड दिसतांच मावा मारून तें कंदासह नष्ट करणें, हें काम कोणत्याही प्रमाणपत्रानें चुकत नाहीं.

आमच्या संघास एक सूचना करून हा लेख पुरा करितों. पुढील हंगामांत संघामार्फत रोपांची एकत्र खरेदी व्हावयाची आहे. रोपवाटिकांकडून दरपत्रकें मागवितांना, वर सांगितलेल्या चारही साक्षीदारांचा निकाल तपासणीच्या कागदावर लेखी असावा, अशी अट संघानें घालावी. त्यासाठीं प्रयोगशाळेस निराळी तपासणी करावी लागत नाहीं. चांगली प्रयोगशाळा हे नमुने बरोबर ठेवितेच, फक्त त्यांचा निकाल शेतकऱ्यापर्यंत पोंचत नाहीं. एक ओळ अधिक छापावी लागेल, इतकाच खर्च. उलट्या क्रमानें लिहिलेल्या वीस अक्षरांनीं आमच्या बंधूंची दोन एकरांची बाग जवळजवळ गेली होती. ती वाचली ती अकराव्या नमुन्याकडे कोणीतरी पाहिलें म्हणून. तो नमुना सर्वांनीं पाहावा, एवढेंच आमचें मागणें आहे.